तीन वाव नदी

आमच्या इमारतीला आग लागली असती ना, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या तांडेल मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून आधी विचारलं असतं, "कवरी?"

कवरा, कवरी, कवरं. म्हणजे केवढा, केवढी, केवढं. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळ्यांची ही बोली. बाकीची माणसं 'काय झालं', 'कसं झालं', 'कधी झालं' असं विचारतात. मास्तर फक्त 'कवरं झालं' एवढंच विचारतात. माझ्या सासूबाईंना मुतखडा झाला तेव्हा मास्तर जिन्यात भेटले. मी म्हटलं, सासूबाईंना मुतखडा झालाय. "कवरा?" सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या बिचाऱ्यांनी करंगळीच्या पेरावर दाखवला आणि घरी आल्यावर मलाच ओरडल्या, परक्या पुरुषासमोर काय काय दाखवायला लावतेस म्हणून. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन वर गेले. जावई इंजिनियर आहे, एकुलता एक आहे, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, सगळं सांगून झालं. मास्तर पेढा हातात धरून तसेच उभे. "ते सगलं झालं बाय. पन कवरा?" शेवटी मी हात वर करून उंची दाखवली. मग पेढा खाल्ला.

हसू नका. तुम्हाला हसायला काय जातंय, त्यांच्या खाली दुसऱ्या मजल्यावर मी राहते.

मी नीलिमा. 'सरितादर्शन' सोसायटीची सेक्रेटरी. विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे, डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहायला आलो. इमारतीच्या नावात सरिता आहे आणि दर्शनही आहे. प्रत्यक्षात गच्चीत उभं राहिलं की समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. आणि माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी सांगायला नको. माझा आवाज मोठा आहे. लहानपणी आई म्हणायची, मुलीच्या जातीला शोभत नाही. ऑफिसात साहेब म्हणायचे, मॅडम, जरा हळू. लग्न झाल्यापासून आमचे हे दोनच शब्द म्हणतात, "नीलू, आवाज." पेपरातून मान वर न करता. चौतीस वर्षं.

तर मास्तरांच्या बाथरूमचं पाणी माझ्या बेडरूमच्या छतात झिरपायला लागलं. वर गेले, तक्रार केली. विचारलंच त्यांनी, "डाग कवरा?" आणि माझ्या मागोमाग खाली आले. हाफ पँट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. न विचारता स्टुलावर चढले आणि डागाच्या कडेकडेने पेन्सिलीची रेघ मारली. माझ्या छतावर! नव्याने रंग दिलेल्या! मी किंचाळले. ते म्हणाले, "वराडू नको, आता उद्या कलंल कवरा वाढला." दुसऱ्या दिवशी आले, दुसरी रेघ मारली. पंधरा दिवसांत माझ्या डोक्यावर एकात एक अशा सात रेघा झाल्या. प्लंबर कधी आणणार, विचारलं तर मान मागे टाकून छताकडे बघत बसले. "बेट झालं बघ, बाय. झाक बेट झालं."

माणूस शिकलेला आहे बरं का. ठाण्याला खोपटच्या एका शाळेत तीसेक वर्षं चित्रकला शिकवली. "तीस वरसं शुद्ध बोलून दमलो, आता माजी बोली बोलतंय," असं सांगतात. त्याआधी बापाबरोबर होडीवर होते. आमची इमारत उभी आहे ती जागा त्यांच्या भावकीची जाळी सुकवायची जागा होती. त्या बदल्यात हा फ्लॅट मिळाला. बायको, चंद्राबाई, आम्ही यायच्या थोडं आधीच वारली. मुलगा टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये असतो. म्हणजे वर हे एकटेच.

मोजपट्टी मात्र घरात नाही. ड्रॉइंग मास्तर आणि मोजपट्टी नाही! सगळं मोजणं अंगावर. बोट, मूठ, वीत, हात. एकदा पार्किंगच्या भांडणात दोन गाड्यांमधली जागा वितीने मोजत, उकिडवे सरकत, थेट चेअरमन प्रधानसाहेबांच्या पायापर्यंत पोचले आणि त्यांचा बूटही मोजून घेतला.

आणि चित्रं काढतात. काढतात म्हणजे एकच काढतात. नदी. घरात चारी भिंतींना टेकवून ठेवलीयेत. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, भिंतीला प्रायमर मारायचं काम चाललंय. खाली चिखलासारखा पट्टा, मध्ये राखाडी, वर पांढुरका, संपलं. झाड नाही, होडी नाही, डोंगर नाही. मी म्हटलं, मास्तर, ह्यात नदी कुठाय? ते भडकले. असे भडकले की कानावरची पेन्सिल पडली.

"तुमा लोकांची नदी म्हंजे दोन डोंगर, मदी सूर्य, खाली निली शेपटी! पोरं तीच काढायची. मी विचारायचो, ही नदी हाय का लेंग्याची नाडी? नदीच्या काठाला उभं ऱ्हायलं तं पलीकडचा मानूस कवरा दिसतं, बघितलंस कधी? नाय ना? मंग नदी काय कलंल तुला!"

"ही नदी नाहीच मुळी, खाडी आहे," मी पण भडकले. मी काय कमी आहे का?

"भरतीला खाडी, ओहटीला नदी! यवरं पन ठावं नाय आनि सेक्रेटरी झाली!"

असं आमचं रोजचं. सकाळी नऊ वाजता मी गॅलरीत कपडे वाळत घालायची आणि बरोब्बर नऊ वाजून पाच मिनिटांनी हे वरून झाडांना पाणी घालायचे. झाडं म्हणजे काय, दोन वाळक्या तुळशी. पण पाणी बादलीभर. माझे धुतलेले कपडे पुन्हा चिखलाचे. मग मी वर मान करून जी सुरू व्हायची ती समोरच्या टॉवरमधले लोक टॉवेल सोडून बघायला यायचे. मास्तर कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून शेवटपर्यंत ऐकायचे. मधे बोलायचे नाहीत. मी दम खायला थांबले की विचारायचे, "झालं?" मी म्हणायची, नाही झालं! "मंग बोल." घरातून ह्यांचा आवाज, "नीलू, आवाज." तीन वर्षं हे चाललंय. चौथ्या मजल्यावरच्या जोशींची गॅलरी मास्तरांच्याच वर आहे, त्यांचं कधी टिपूस पडत नाही. आणि हे उपटसुंभ रोज बादली ओतणार.

यंदा आम्ही लॉबीचं काम काढलं. नव्या टाइल्स, नवे दिवे, लिफ्टशेजारी अकरा फूट लांब कोरी भिंत. प्रधानसाहेब म्हणाले, नाव सरितादर्शन आहे, निदान भिंतीवर तरी सरिता दिसू दे. कोणीतरी धबधब्याचं आणि राजहंसांचं प्रिंट सुचवलं. डोंबिवलीत राजहंस! मी म्हटलं, वर एक चित्रकार बसलाय फुकट, त्यालाच सांगू या. हो, मीच म्हटलं. पुढचं सगळं माझ्याच डोक्यावर आहे ते उगाच नाही.

मी वर गेले. सेक्रेटरीच्या थाटात म्हटलं, मास्तर, सोसायटीसाठी नदीचं चित्र काढायचंय. तुमच्या कल्पनेला पूर्ण वाव आहे.

मास्तर एकदम ताठ बसले. "किती वाव?"

"अहो, हवा तेवढा वाव."

"तीन वाव चालंल?"

मला वाटलं, म्हातारा कधी नव्हे ते विनोद करतोय. मी पण हसले. "तीन काय, चार वाव घ्या!"

"चार नको," ते गंभीरपणे म्हणाले. "तीन बास."

दोन महिने गच्चीवर ताडपत्री बांधून काम चाललेलं. कोणाला वर सोडत नव्हते. मी एकदा गेले तर जिन्यातूनच "काय गो, बगायला आलीस का बोंबलायला?" म्हणून हाकललं. मी तिथल्या तिथे बोंबललेच.

सोसायटीच्या सत्यनारायणाला चार दिवस उरले तेव्हा मास्तरांनी कॅनव्हासचं भेंडोळं खांद्यावरून खाली आणलं आणि लॉबीत उलगडायला सुरुवात केली. उलगडतायत, उलगडतायत. भिंत संपली. हे अजून उलगडतायत. भिंतीचा कोपरा आला, तरी भेंडोळं हातात शिल्लक. प्रधानसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

"मास्तर, हे काय? भिंत अकरा फुटांची आहे!"

"तीन वाव हाय. हिनं सांगितलं," माझ्याकडे बोट.

"मी कधी सांगितलं!"

"तूच नाय बोललीस, पूर्ण वाव हाय? मी विचारलं, तीन चालंल का. तू बोललीस, चार घे." आणि त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताणून पसरले. या हाताच्या मधल्या बोटापासून त्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत. "हा एक वाव. आमी पानी याच्यानंच मोजतो. दोरी सोरायची आनि हातांनी वढून मोजायची, एक वाव, दोन वाव. तुमचा कंचा वाव असतो?"

मी काय सांगणार, आमचा वाव कुठला असतो? आमच्यात सुधारणेला वाव असतो, शंकेला वाव असतो. तो हातात धरून कोणी कधी मोजलेला नाही. माझी लाज निघाली सगळ्यांसमोर आणि मला लाज वाटली की राग येतो. मी ओरडले, ते ओरडले, प्रधानसाहेबही त्यांच्या मानाने ओरडले.

खरं सांगू का? त्या ओरडाआरडीत मी एकदा चित्राकडे बघितलं. मी अगदी मधोमध उभी होते. तोच चिखल, तीच राखाडी, पण ती संपतच नव्हती. मी नकळत दोन पावलं मागे झाले, टाइल्सवर पाणी आल्यासारखी साडी थोडी उचलून धरली आणि लगेच सोडली, कोणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून. पार उजव्या टोकाला, त्या सगळ्या चिखलात, लाल रंगाचा एक बारीक ठिपका पडलेला होता. मला वाटलं, ब्रश झटकताना उडाला असेल.

"एक बोट पन कापायचं नाय," असं बजावून मास्तर दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याला गेले. नातवाचं बारसं होतं.

आता ऐका माझा पराक्रम. पूजेच्या आदल्या सकाळी नऊ वाजता मी पूजेची पैठणी उन्हाला टाकलेली. मास्तर जाताना कुंड्यांत पाणी तुडुंब भरून गेलेले, तेच झिरपत झिरपत नेमकं माझ्या पैठणीच्या पदरावर. मी वर बघून तोंड उघडलं आणि वर कोणी नाही. ओरडायला माणूसच नाही! तो राग तसाच घेऊन मी खाली उतरले. खाली सुतार चौकट घेऊन उभा. प्रधानसाहेब म्हणाले, "नीलिमाताई, हा म्हणतो उजवीकडचं कापलं तर बसेल बरोबर. तिकडे नाहीतरी काहीच नाहीये, नुसता चिखल आहे. पण मास्तर..."

"कापा!" मी म्हटलं. "कापा हो. कळू दे त्यांना कवरा ते!"

सुताराने साडेपाच फूट कॅनव्हास कापला. कात्री कॅनव्हासमधून चालताना जो आवाज झाला तो मला आवडला होता. हेही लिहून ठेवते.

पूजेच्या दिवशी मास्तर परत आले तेव्हा लॉबीत प्रसादाचा शिरा चाललेला. मी पदर खोचून तयारच होते, ते काय बोलतील त्याला माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. मास्तर चित्रासमोर उभे राहिले. डाव्या टोकाला बोट लावून हात पसरले. एक. सरकले, पुन्हा पसरले. दोन. पुन्हा सरकले, हात पसरायला गेले आणि उजवा हात कोपऱ्याच्या भिंतीवर आपटला. तिथेच थोडा वेळ राहिला.

"कवरी कापली?" त्यांनी विचारलं. इतकं हळू की मला आधी कळलंच नाही.

"साडेपाच फूट," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भांडले नाहीत. शिरा न घेता जिन्याने वर गेले.

त्यानंतर काय झालं, तर काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, नऊ पाच झाले, नऊ दहा झाले. माझे कपडे कोरडे. तिसऱ्या दिवशी कोरडे. मास्तरांनी स्वतः प्लंबर बोलावून बाथरूम दुरुस्त करून घेतलं. जिन्यात भेटले की बाजूला होऊन मला वाट द्यायचे. मी मुद्दाम सांगून बघितलं, "मास्तर, आज पाण्याचा टँकर येणार आहे." कवरा म्हणून विचारलं नाही! मान हलवली आणि गेले. मला संताप संताप झाला. अरे, चुकलं माझं, मग बोला ना चार शब्द! शिव्या द्या! हे काय, माणसाला असं सरळ वागून मारायचं? आमचे हे म्हणाले, "बरं झालं, शांतता आहे." मी त्यांच्यावर ओरडले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते "आवाज" म्हणाले नाहीत, कारण माझा आवाजच बसका येत होता.

आणि ते चित्र! चौकटीत अगदी माप घेऊन बसलेलं, पण मेलेलं. कुरियरवाला त्याला पाठ टेकून उभा राहायचा. जोशींच्या पाहुण्यांनी मला विचारलं, "ओल आलीये का हो भिंतीला?" मी रोज त्याच्यासमोर उभी राहून बघायची. मागे सरकावंसं वाटायचं नाही. त्या दिवशी साडी उचलली होती ती कशाला, तेच कळेना. जागा कमी झाली म्हणावं तर कमी फक्त चिखल झालेला.

एक महिना मी हे सहन केलं. मग सुताराला फोन लावला. तुकडा कुठाय? म्हणाला, मॅडम, तिथेच टाकलेला. झाडूवाल्या मंदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चांगलं जाड कापड होतं, पंपाच्या खोलीत मोटारीवर घातलंय, पावसाचं पाणी येतं ना खिडकीतून. मी पंपाच्या खोलीत शिरले. मोटारीवरून कापड ओढून काढलं, जमिनीवर पसरलं, हाताने धूळ झटकली आणि तो लाल ठिपका शोधला. चष्मा लावला. मग गुडघ्यांवर बसले.

ठिपका नव्हताच तो. बाई होती. लवंगेएवढी. लाल लुगडं, काष्टा वर खोचलेला, पाय चिखलात, आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरलेले. एक वाव.

आणि माझ्याभोवती ती पंपाची कोंदट खोली एकदम मोठी झाली. त्या बाईच्या आणि माझ्या मध्ये ती सगळी नदी आली. मी पुन्हा साडी उचलून धरली आणि या खेपेला सोडली नाही.

तुकडा गुंडाळून वर गेले. मास्तरांनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आधीच माझ्या हातातलं बघितलं, घेतलं, आणि जेवणाच्या टेबलावर पसरून ठिपक्यावर फुंकर घातली. ग्रीसचा डाग तिच्यापासून दोन बोटांवर होता. मोजला त्यांनी.

"कोण आहे?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"चंद्रा." मास्तर खुर्चीत बसले. "मी ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करत होतो. ओहटीला या काठाला बसायचो. पेन्सिल अशी हात लांब करून धरायची, एक डोला मिटायचा, आनि पलीकडचा मानूस पेन्सिलीवर कवरा येतं ते बगायचं. मंग नदी कवरी ते कलतं. पलीकडं एक पोरगी चिखलातलं मासं, निवट्या, धरत होती. मी पेन्सिल धरली, डोला मिटला. तं तिकरून वराडली, 'ए मेल्या, डोला कोनाला मारतंस?'"

"एवढ्या लांबून तिला डोळा दिसला?"

"कोलीन ती. पानी गढूल असलं तरी मासा दिसायचा तिला." मास्तर हसायला लागले होते. "मी वराडलो, डोला नाय मारत, नदी मोजतंय! ती बोलली, 'मंग मोज,' आनि हात पसरले. 'कवरी दिसते मी?' सगल्या खाडीत आवाज. बगले उडाले. आनि ती यवरीशी. लवंग." त्यांनी चिमटीत धरून दाखवलं. "तवा मना कलली नदी. ती यवरीशी आनि आवाज यवरा मोठा, ह्याच्या मदी जवरी जागा, तवरी नदी."

मी चष्मा पुसून पुन्हा त्या लवंगेएवढ्या बाईकडे बघितलं.

"अठ्ठेचाळीस वरसं भांडली माज्याशी. खोपटवरून घरी येतंय तवर नाक्यावरच ऐकू यायची. शेवटचे दोन म्हयने आवाजच गेला तिचा. बोलायला बघायची, नुसती हवा. मंग ती पन गेली." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "दोन खोल्या हायत, बाय, पन मना कलंना, घर कवरं हाय ते. आवाज पोचतं तवरं घर. आवाजच नाय, तं मोजायचं कशानं?"

मी म्हटलं, "मास्तर, चुकलं माझं. रागाच्या भरात झालं."

"ते ठावं हाय." त्यांनी हात झटकला. "मंग तू आलीस. सामान उतरवताना टेम्पोवाल्याला झापत होतीस. मी हितं आत बसलेलो, तिसऱ्या माल्यावर. वाटलं, आलं. माप आलं घराला. मंग रोज नऊ वाजता..."

ते थांबले. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला.

"नऊ वाजता काय?"

मास्तर तुळशीकडे बघायला लागले.

"म्हणजे पाणी... मुद्दाम? तीन वर्षं? माझे कपडे? माझी पैठणी? मास्तर!"

"मुद्दाम नाय तं काय," ते म्हणाले. "झारांना काय यवरं पानी लागतं? यवरा मोठा आवाज तुजा, सगले तुला बोलतात, हलू बोल, हलू बोल. फुकट घालवतात. मना तो लागायचा. मंग कसा मागनार? जाऊन सांगू, बाय, माज्यावर जरा वराड?"

मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. लाज नाही का, वय काय, सरळ सांगायला काय झालेलं, कपडे कोण धुतं, असं सगळं. आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले. चौतीस वर्षं, नाही, छप्पन्न वर्षं, माझ्या आवाजाबद्दल मला कोणी 'लागायचा' म्हटलेलं नव्हतं. मास्तर दोन्ही कोपरं टेबलावर टेकून शेवटपर्यंत ऐकत होते.

"झालं?"

"नाही झालं!"

"मंग बोल."

चित्र जोडलं. जाळी विणायच्या सुईने मास्तरांनी स्वतः शिवलं आणि शिवण रंगवली नाही. "जालं फाटतं, शिवतो. लपवायचं काय त्याच्यात?" अकरा फुटांच्या भिंतीवर ते कसं मावणार, यावर कमिटीत पुन्हा रणकंदन. शेवटी मास्तरच म्हणाले की शेजारच्या भिंतीवरच्या पत्रपेट्या काढा आणि चित्र कोपऱ्यावरून वळवा. नदी काय सरळ असते? इतकी साधी गोष्ट आमच्यातल्या एकालाही सुचलेली नव्हती. पत्रपेट्या आता गेटपाशी आहेत. नदी लिफ्टपासून निघते, कोपऱ्यावर वळते आणि चंद्राबाईंपाशी थांबते. कुरियरवाला आता पाठ टेकत नाही. का ते त्याला सांगता येत नाही.

चित्र लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी माझ्या धुतलेल्या चादरीवर बादलीभर पाणी पडलं. ह्यांनी पेपर खाली केला. "नीलू, आवा..."

"गप्प बसा हो!" म्हटलं, आणि गॅलरीत नाही गेले. चप्पल घालून खाली उतरले, लॉबीतून बाहेर पडले, गेटपर्यंत गेले आणि मागे वळले. वर तिसऱ्या मजल्यावर मास्तर कठड्यावर वाकून मला गॅलरीत शोधत होते. मी कुठेच नाही म्हणून त्यांचा चेहरा उतरलेला.

"मास्तर!"

त्यांनी मान उचलून गेटकडे बघितलं. मी दिसले. कानावरची पेन्सिल काढली, हात लांब केला, एक डोळा मिटला. थोडा वेळ मापलं आणि मान हलवली. मोठी दिसत होते मी. हाताने खूण केली, अजून लांब.

मी गेटबाहेर गेले. अजून लांब. रस्ता ओलांडला. दोन रिक्षावाले थांबून बघायला लागले. अजून लांब. भाजीवालीच्या गाडीच्याही पलीकडे, पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून मास्तर नखाएवढे दिसत होते. मी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताणून पसरले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या आवाजाला पूर्ण वाव दिला.

"मास्तर! कवरी दिसते मी?"

टॉवरमधले लोक बाहेर आले. गिरणीवाल्याने गिरणी बंद केली. तिकडून, रस्त्याच्या, गाड्यांच्या, गेटच्या त्या पलीकडून, म्हाताऱ्याचा फाटका आवाज आला.

"ऐकू येतंय, बाय! ऐकू येतंय!"